हक्कसोड आणि दुसरे शील

बापाचा जलदानविधी आटोपतो आणि लेकीपुढे हक्कसोडपत्र येते. "ताई, सही कर, माहेर तुटायला नको," असे भाऊ म्हणतो. ती सही करते. याला दान म्हणावे काय?

दानामागे मोकळी चेतना लागते. भीतीपोटी झालेली सही म्हणजे दिलेले नव्हे, घेतलेले. न दिलेले घेणार नाही, हे दुसरे शील आपण दर वंदनेत म्हणतो!

स्त्रीला वारसाहक्क देऊ पाहणारे हिंदू कोड बिल रखडले, हे बाबासाहेबांच्या १९५१ च्या राजीनाम्याचे एक प्रमुख कारण होते. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत लेकीचा हक्क लेकाइतकाच झाला.

बहिणीने खुशीने हक्क सोडला तर प्रश्नच नाही. पण आधी तिला वाटा मोजून दाखवा, आणि ती "नाही" म्हणाली तरी माहेरचे दार उघडे ठेवा.

मी शिक्षक, तरी माझ्या बहिणीला तो कागद मी वाचून दाखवला नाही. आता तिच्या नावे बक्षीसपत्र करीत आहे. कायदा त्याला बक्षीस म्हणो; माझ्या लेखी ती परतफेड आहे.