पात्रापात्रविचार

मराठी भाषा काटकसरी गृहिणीसारखी आहे. एकाच पातेल्यात ती तीन पदार्थ उरकते. ‘पात्र’ हाच शब्द घ्या ना. भांडं म्हणजे पात्र, रंगभूमीवर तोंडाला रंग लावून उभं राहतं तेही पात्र, आणि एखाद्या गोष्टीला लायक असलेला माणूसही पात्रच. शिवाय शेजारचे गृहस्थ जरा तऱ्हेवाईक निघाले की ‘काय पात्र आहे!’ असं आपण हळू आवाजात म्हणतो, तो चौथा अर्थ बोनस. मी बँकेतला क्लार्क असल्यामुळे माझा संबंध मुख्यतः तिसऱ्या अर्थाशी येतो. ‘अर्जदार कर्जास पात्र आहे किंवा कसे’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं आहे की झोपेतही ते मला साहेबांच्या सहीसकट दिसतं. त्यामुळे ‘पांढऱ्या वाइनला कोणतं पात्र योग्य?’ असं कोणी विचारलं की तो प्रश्न मला आपल्याच टेबलावरचा वाटतो.

तुम्ही म्हणाल, बी. कॉम. झालेल्या, महागाई भत्त्याच्या आकड्याकडे चातकासारखे डोळे लावून बसलेल्या माणसाने वाइनच्या ग्लासांची उठाठेव करावी कशाला? पण वाचकहो, वाइन आता आपल्या दारात येऊन बसली आहे. सुभाषितकाराने धनाला तीन गती सांगितल्या: दान, भोग आणि नाश. द्राक्षालाही तीनच गती आहेत: भोग, बेदाणा आणि नाशिक. २००० साली नाशिकच्या सुला वाइनरीने पहिली वाइन बाजारात आणली. सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां, दोन्ही पांढऱ्याच. पांढरी म्हणजे दुधासारखी नव्हे. रसवंतीवाल्याने उसाच्या रसात बर्फ जास्त घातला की जो रंग येतो, साधारण तो. द्राक्षाचा रंग सालीत असतो, आणि पांढऱ्या वाइनमध्ये रस आंबायला ठेवण्याआधीच साल बाजूला काढतात, एवढंच त्यातलं गुपित. तेव्हापासून आमच्यासारख्यांच्या शोकेसमध्येही, गणपतीच्या मूर्तीपासून सभ्य अंतर ठेवून, दांडीवाले काचेचे ग्लास दिसू लागले आहेत.

या ग्लासाचं एक शास्त्र आहे. पांढरी वाइन थंड प्यायची असते, साधारण ८ ते १२ अंश सेल्सिअसला. आता आपल्याकडे मे महिन्यात माणूससुद्धा थंड राहत नाही, तिथे वाइन कशी राहणार? म्हणून ग्लासाला लांब दांडी. धरायची ती दांडी. पोटाला हात लावला की हाताची ऊब आत जाते. लाल वाइनच्या ग्लासाचं पोट चांगलं सुटलेलं असतं, कारण तिला हवा खायची असते. पांढरीचा ग्लास अंगाने सडपातळ. थोडी ओतायची, ती गार आहे तोवर संपवायची आणि पुन्हा गार बाटलीतून घ्यायची. तोंड पोटापेक्षा अरुंद, म्हणजे वास वाऱ्यावर न जाता नाकाकडे येतो. आणि ग्लास भरायचा फक्त एक तृतीयांश! हे ऐकल्यावर माझ्यातला बँकवाला कळवळला. मंजूर झालेल्या मर्यादेपैकी दोन तृतीयांश रक्कम खातेदाराने उचललीच नाही, तर आम्ही त्याला पत्र पाठवतो. पण जाणकार सांगतात की वरची ती मोकळी जागा रिकामी नसते. तिथे वास राहतो. माझ्या पासबुकातही बरीच मोकळी जागा असते, पण तिथे काहीच राहत नाही.

इथपर्यंत सगळं पटतं. पुढे मात्र शास्त्राला फाटे फुटतात. ऑस्ट्रियातल्या क्लाउस रीडेल यांनी १९७३ साली निरनिराळ्या वाइनसाठी निरनिराळ्या आकारांच्या ग्लासांची एक मालिकाच काढली. मग या द्राक्षाला हा ग्लास, त्या द्राक्षाला तो, असा संसार वाढत गेला. ग्लासवाले जिभेचा नकाशाही दाखवायचे. गोड टोकाला, आंबट कडेला, कडू मागे. अमुक काठाचा ग्लास म्हणे वाइनला बरोबर तमुक जागी नेऊन सोडतो, एस.टी.ने प्रवाशाला फाट्यावर उतरवावं तसा. हा नकाशा १९०१ सालच्या एका जर्मन निबंधाचा सोयीस्कर अर्थ लावून पुढे तयार झाला, आणि तो खरा नाही हे केव्हाच सिद्ध झालं आहे. जिभेवर सगळ्या चवी जवळजवळ सगळीकडे कळतात. २००१ साली प्रसिद्ध झालेला बोर्दोचा प्रयोग तर फारच मनोरंजक आहे. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरीच वाइन दिली, पण तिच्यात बिनवासाचा लाल रंग मिसळून. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या खास शब्दांत केलं! म्हणजे नाकाने घ्यायचा निर्णय डोळ्याने परस्पर मंजूर करून टाकला होता. असं आमच्याकडेही होतं; अर्जदार मोटारीतून उतरला की त्याचे कागद आपोआप पूर्ण वाटतात.

तरीही ग्लासाचं सगळंच थोतांड म्हणता येत नाही. २०१५ साली टोकियोतल्या संशोधकांनी अल्कोहोलची वाफ टिपणारा कॅमेरा तयार केला. त्यात दिसलं की १३ अंशाला वाइनच्या ग्लासात वाफेचं कडं काठाकाठाने उठतं आणि मधे ती विरळ असते. म्हणून नाकाला मद्याचा झणका न लागता वास मिळतो. सरळसोट ग्लासात हे कडं तयार झालं नाही. तेव्हा ताळेबंद असा: दांडी खरी, अरुंद तोंड खरं, एक तृतीयांश खरं, बाकी बरंचसं घसारा म्हणून वजा टाकावं.

आपल्या आज्यांना यातलं काही नवीन वाटलं नसतं. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, म्हणून आधी कल्हई हवी, हे त्यांना कॅमेऱ्याशिवाय ठाऊक होतं. लोणचं चिनी मातीच्या बरणीत, पाणी माठात. पाणी प्यायला फुलपात्र. आता पांढऱ्या वाइनचा ग्लास ट्यूलिपच्या फुलासारखा असतो असं सांगतात, म्हणजे शब्दशः तेही फुलपात्रच. फरक इतकाच की त्यांचं फूल मिटत आलेलं, आमचं पूर्ण उमललेलं. आमच्या फुलपात्राचा काठ बाहेर वळलेला, कारण पाणी वरून ओतून प्यायचं, ओठ लागता कामा नयेत.

ओठ का लागता कामा नयेत, या प्रश्नापाशी मात्र माझं हसू जरा अडखळतं. कारण इथे भांडं आतल्या पदार्थाकडे बघायचं सोडून पिणाऱ्याकडे बघू लागतं.

युरोपातल्या लोकांनी वाइनच्या जाती पाडल्या आणि प्रत्येक जातीला वेगळा ग्लास दिला. आपण चहा एकच ठेवला आणि माणसांना वेगळे कप दिले. कुठल्याही कचेरीत चार वाजता बघावं. साहेबांना बशीसकट कप, आम्हाला काचेचा छोटा ग्लास, आणि झाडूवाल्याला कागदाचा, जो पिऊन झाल्यावर त्यानेच झाडून न्यायचा. चहा एकाच किटलीतला. घराघरांत तर हे खातं फार जुनं आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला किंवा मोरीवरच्या फळीत, एक कान तुटलेला कप निराळा ठेवलेला असतो. तो कोणाचा, हे घरातल्या चार वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. त्याला कोणी शिकवलेलं नसतं, हीच त्यातली भीतीची गोष्ट.

यावर ‘स्वच्छता’ असं उत्तर तयार असतं. पण घरातले सगळे कप, सगळ्या वाट्या आणि देवाचं ताम्हनसुद्धा ज्या हातांनी घासून स्वच्छ होतं, तेच हात त्या कपातून चहा पिणार असतात. ज्यांच्यामुळे भांडं स्वच्छ होतं, त्यांच्यामुळेच ते अस्वच्छ होतं, ही नोंद जगातल्या कोणत्याही लेखापरीक्षकाला दाखवा. तो चष्मा पुसून पुन्हा बघेल. हा प्रश्न लहान नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसांना घेऊन गेले ते ओंजळभर पाण्यासाठी, आणि ते पाणी काही विशेष चवीचं होतं म्हणून नव्हे. तामिळनाडूतल्या कित्येक गावांत चहाच्या टपऱ्यांवर दोन प्रकारचे पेले ठेवण्याची रीत संविधान आल्यावरही पुढे अनेक वर्षं नोंदली गेली. पेला हे तसं पाव लिटरचं भांडं; पण त्यात किती मावतं बघा.

तुम्ही विचाराल, मग पाहुण्यासाठी चांगला कप काढायचाच नाही का? जरूर काढावा. पण मी दुहेरी नोंद पद्धतीवर पोसलेला माणूस आहे. जिथे जमा तिथे कुठेतरी नावे असतंच. साहेबांच्या कपाखाली जी बशी जमा होते, ती दुसऱ्या कोणाच्या तरी नावे पडते. एकटे साहेबच आले असतील तर बशी हे आतिथ्य. शेजारी शिपाई उभा असेल आणि त्याला बशी नसेल, तर तीच बशी म्हणजे पाणउतारा. बशी तीच, हिशेब निराळा.

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही उभयता एका सहकाऱ्यांकडे जेवायला गेलो होतो. त्यांच्या चिरंजीवांनी खास पांढऱ्या वाइनसाठी सहा ग्लासांचा सेट आणलेला. यजमान, त्यांच्या पत्नी, चिरंजीव, सूनबाई, मी आणि आमची ही, असे आम्हीही मोजून सहा. बायकांनी वाइनऐवजी कोकम सरबत पसंत केलं, पण ग्लास मात्र तेच, कारण सेट मोडायचा नसतो. घरातल्या मावशी भांड्यांसाठी थांबल्या होत्या. त्यांचा प्लॅस्टिकचा मग खिडकीशी लटकत होता. यजमानीण बाई तो काढायला उठल्या. तेवढ्यात आमच्या हिने आपल्या हातातला भरलेला ग्लास मावशींपुढे धरला आणि म्हणाली, “वहिनी, मला आपलं स्टीलचं फुलपात्रच द्या. हा दांडीचा ग्लास धरला की मला पदर सांभाळता येत नाही.”

ही गेली पंधरा वर्षं एका हातात दोन पिशव्या आणि दुसऱ्या हातात छत्री धरून लोकलमध्ये चढते. तिचा पदर कधी अडखळलेला मी पाहिलेला नाही.

मावशींनी ग्लास दोन्ही हातांनी पोटाशी धरला. चिरंजीव शास्त्र नुकतंच शिकलेले. ते म्हणाले, “मावशी, दांडीला धरायचं असतं.”

“प्यायला धरा तुम्ही,” मावशी म्हणाल्या. “घासताना दांडीला धरून पिळला की कट्कन मोडतो. पोटालाच धरावा लागतो. मागच्या आठवड्यात तुमच्या हातनं एक तसाच गेला होता का नाही? नंतर सुटा आणलात तो.”

त्या खोलीत पांढऱ्या वाइनच्या ग्लासाबद्दल स्वतःच्या अनुभवाने काही सांगू शकणारी व्यक्ती एकच होती, आणि ग्लास मोजताना तीच राहून गेली होती. कोणी काही बोललं नाही. चिरंजीवांनी मात्र बसायला एक खुर्ची पुढे सरकवली. पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा तो मग खिडकीशी तसाच होता. एका सरबताने जग बदलत नाही, एका व्हाउचरने ताळेबंद बदलत नाही तसा. पण व्हाउचर झालं की नोंद राहते.

म्हणून माझ्या अल्प मतीप्रमाणे ग्लासाचा नियम एकच: पात्र निवडताना आत काय ओतायचं आहे ते बघावं, कोण पिणार आहे ते बघू नये. पांढरी वाइन थंड राहायला दांडी लागते, द्या दांडी. ताकाला कल्हई लागते, करा कल्हई. कारण पदार्थाच्या स्वभावाला आपण जपतो, आणि ते सुसंस्कृतपणाचंच लक्षण आहे. पण माणसाच्या पोटात गेल्यावर कोकमाचं सरबत आडनाव विचारत नाही.

गंमत म्हणजे वाइनच्या धंद्यातल्या परीक्षकांनाही हे मान्य आहे. वाइन चाखण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९७७ साली एक ग्लास ठरवून दिला: ट्यूलिपच्या घाटाचा, एकूण माप सुमारे २१५ मिलिलिटर, आणि चाखायला ओतायची फक्त ५० मिलिलिटर. लाल असो, पांढरी असो, उंची असो की हलकी, परीक्षेला बसताना सगळ्यांना ग्लास एकच. वेगळ्या ग्लासात दिली तर खरी लायकी कळणार कशी? पात्रता ठरवायची असेल तर आधी पात्र सारखं हवं. आमच्या कर्ज विभागाने हे वाक्य भिंतीवर लावायला हरकत नाही.

तेव्हा पांढऱ्या वाइनसाठी ग्लास घ्यायचे असतील तर खुशाल घ्या. अंगाने सडपातळ, तोंडाने अरुंद, दांडी हाताला पुरेल इतकी. फार महाग नकोत, कारण मोडतातच; घासणाऱ्यांना विचारा. एक तृतीयांश भरा, गार असेपर्यंत संपवा. फक्त दुकानदाराने सहाचा सेट पुढे केला की घरातली माणसं एकदा नीट मोजा, रविवारी भांड्यांसाठी थांबणाऱ्यांसकट, आणि त्याला विचारा, सातवा सुटा मिळेल का?