वेदोक्ताचा प्रश्न आणि शाहू छत्रपती

धर्मकृत्याचा अधिकार जन्मानेच ठरतो काय, हा प्रश्न कोल्हापुरात खुद्द छत्रपतींच्या देवघरातून उभा राहिला, हे त्याचे वेगळेपण होय. १८९९ मध्ये पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी शाहू महाराजांचा पुरोहित वेदोक्त, म्हणजे वेदांतील मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत होता. असे मंत्र शूद्रांसाठी पुरेसे मानले जात, आणि ज्यांच्या इनामांवर पुरोहितवर्गाचा योगक्षेम चाले त्या राजालाच तो याद्वारे शूद्र ठरवीत होता. पुढे राजोपाध्यांनीही वेदोक्त विधींना नकार दिला, तेव्हा त्यांची इनामे जप्त झाली.

या वादात एक खरी तात्त्विक अडचण होती. क्षत्रियत्वाच्या आधारे वेदोक्त मागणे म्हणजे वर्णांची उतरंड मान्य करून तीत वरची जागा मागणे होय. ही उतरंडच नाकारणारा विचार जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त मांडला होता आणि ते पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले होते. त्या मुक्तीशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या अब्राहम लिंकन यांनी १८६५ च्या शपथविधीच्या भाषणात, यादवी युद्धातील दोन्ही पक्ष एकच बायबल वाचतात व एकाच देवाची प्रार्थना करतात, याकडे लक्ष वेधले होते. ग्रंथ एकच मानला तरी न्याय कोणता, याचा निवाडा माणसालाच करावा लागतो.

शाहू महाराजांनी तो निवाडा शास्त्रार्थापेक्षा राज्यकारभारातून केला. २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखण्याचा हुकूम, १९१७ चे सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण, १९१८ मध्ये महार वतनाचे उच्चाटन, यांपैकी कशालाही क्षत्रियत्वाचा आधार लागत नाही. त्यांच्या मुळाशी केवळ माणूसपण आहे.

१९२० मध्ये पाटगावच्या मौनी महाराज मठात त्यांनी क्षात्रजगद्गुरूंचे, म्हणजे ब्राह्मणेतरांच्या स्वतंत्र धर्मगुरूंचे, पीठ निर्माण केले, तेव्हा देव आणि भक्त यांच्यामध्ये नवा मध्यस्थ कशाला, अशी हरकत फुले यांच्या सत्यशोधक विचाराच्या अनुयायांपैकी काहींनी घेतली. तत्त्वतः ती हरकत योग्यच होती. तथापि ब्राह्मणेतर कुटुंबांतील लग्न वा श्राद्ध परक्या पुरोहितावाचून अडू नये, ही निकड तत्त्वाने भागणारी नव्हती. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत मात्र महाराजांनी अस्पृश्यांना गुरू नेमून दिला नाही. त्यांच्यातूनच पुढे आलेल्या आंबेडकरांना आपला पुढारी मानावे, असे त्यांनी सांगितले.