काळजी करणे आणि काळजी घेणे

आपल्या मराठी भाषेने एक मोठी गंमत करून ठेवली आहे. गावाला निघालेल्या माणसाला आपण गाडी सुटता सुटता दोन गोष्टी सांगतो. "काळजी घ्या" ही एक, आणि "काळजी करू नका" ही दुसरी. शब्द एकच, पण एकदा तो हवा म्हणून सांगायचा आणि एकदा नको म्हणून. लोणंदच्या स्टेशनावर ही दोन वाक्ये मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. मुले मुंबईला नोकरीला निघाली, मुली सासरी निघाल्या की खिडकीशी उभी राहिलेली आई हेच म्हणते. मी शाळामास्तर. वर्गात शब्दांचे अर्थ सांगणे हा माझा धंदा, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणे हे माझे व्यसन. पण या दोन काळज्यांमधला फरक मला ना शाळेने शिकवला, ना लेखणीने. तो शिकवला आमच्या शेजारच्या एका वृद्ध ख्रिस्ती बाईंनी, तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत.

त्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी पुण्याच्या डॉक्टरांनी हिच्या गळ्यातल्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. "आठ दिवसांनी या," म्हणाले. आठ दिवस! पंचांगात आठ दिवस म्हणजे आख्खी दिवाळी. घरात चकलीचा सोऱ्या फिरत होता, मुलगी अंगणात रांगोळीचे ठिपके मोजत होती, आणि मी मात्र मनात भलतेच मोजीत होतो. ऑपरेशनला किती लागतील? सोसायटीचे कर्ज आधीच डोक्यावर. भावाचा कांदा बाजारात गेला तो मातीमोल भावाने. आणि त्यापलीकडचा विचार, जो नवरा कोणाजवळ बोलत नाही. मुलीच्या वेण्या कोण घालील?

चिता आणि चिंता यांत एका टिंबाचा फरक, असे जुने लोक सांगत. मला वाटते, कादंबरीकाराच्या बाबतीत तो फरकही उरत नाही. इतर माणसे एक संकट कल्पितात. आम्ही त्याची प्रकरणे पाडतो, संवाद लिहितो, शेवट रचून ठेवतो. रात्री दोन वाजता मी अंथरुणावर पडल्या पडल्या हिच्या मरणाची आख्खी कादंबरी लिहून काढली होती. आणि ही? ही शेजारी शांत झोपली होती. सकाळी उठून तिने मलाच विचारले, "तुम्हाला बरे नाही का?" त्या प्रश्नाची मला आजही लाज वाटते.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी फराळाचे ताट घेऊन शेजारी गेलो. या बाईंना आम्ही मावशी म्हणतो. तरुणपणी त्या मिरजेला, डॉ. वॅन्लेस यांनी 1894 साली सुरू केलेल्या मिशन इस्पितळात परिचारिकेचे काम शिकल्या आणि पुढे नोकरीनिमित्त लोणंदला आल्या त्या इथल्याच झाल्या. ज्ञानोबांची पालखी नीरेचे स्नान आटोपून आमच्या गावात उतरते, तेव्हा मावशी ओट्यावर पाण्याचे घमेले आणि मलमपट्टी घेऊन बसतात. वारकऱ्यांच्या पायांचे फोड पाहतात, धुतात, बांधतात. कोणी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही, की आपण कोणत्या धर्माच्या.

ताट ठेवून मी निघणार, तो मावशी म्हणाल्या, "बस जरा. रात्रभर तुझ्या खोलीत दिवा असतो. काय लिहितोस इतकं?"

मी सगळे सांगितले. ऐकून घेतल्यावर त्यांनी "देव सगळे ठीक करील" असे काही म्हटले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "मी रोज सूनबाईचं नाव घेईन. पण तू एक कर. झोपायच्या आधी आजच्या दिवसातल्या तीन गोष्टींचे आभार मान. मोठ्या नकोत. हाताला लागतील अशा."

मला राग आला. खरेच सांगतो, राग आला. ज्याचे घर जळते आहे त्याला कोणी अंगणातल्या तुळशीचे कौतुक करायला सांगावे, तसे मला वाटले. मी मास्तरी पद्धतीने वाद घातला. "मावशी, दुःखात आभार मानणे ही देवाची खुशामत नव्हे काय? आणि ज्याच्या कांद्याला भाव नाही त्याने आभार मानत बसावे, तर भाव मागायचा कोणी?"

मावशी बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिले. तो त्यांच्या मुलाचा. एकवीस वर्षांचा असताना मोटारसायकलच्या अपघातात गेलेला. मला तो आठवतो. आम्ही एकाच मैदानावर क्रिकेट खेळलेलो.

"तो गेला तेव्हा वर्षभर माझी प्रार्थना म्हणजे भांडण होतं," त्या म्हणाल्या. "आभार कुठले? देवळात जायचे, बाकावर बसायचे, आणि त्याला म्हणायचे, तू चोर आहेस. त्याबद्दल आजही मला पश्चात्ताप नाही. मुलगा गेल्याबद्दल मी कधीच आभार मानले नाहीत, मानणार नाही. पण त्या दिवसांत मी गिरणीत जात नव्हते. घरात पीठ आहे का नाही, शुद्ध नव्हती. आणि दर आठवड्याला पिठाचा डबा दाराशी येऊन बसायचा. पाच महिने. कोण ठेवतं हेसुद्धा मला कळलं नाही. एक दिवस पहाटे दार उघडलं तर तुझी आई वाकून डबा ठेवत होती."

मला हे ठाऊक नव्हते. आई जाऊन आता नऊ वर्षे झाली. तिने जन्मात कधी हे सांगितले नाही.

"त्या रात्री मी आभार मानले," मावशी म्हणाल्या. "देवाचे नव्हे, तुझ्या आईचे. मग हळूहळू देवाकडे जायला पुन्हा वाट झाली. ती पिठाच्या डब्यावरून गेली."

वाचकहो, त्यानंतरच्या रात्री मी काय केले हे सांगण्याआधी थोडा विचार तुमच्यासमोर मांडतो. कारण माझ्या रागातला प्रश्न मावशींच्या डोळ्यांतल्या पाण्याने सुटला, असे म्हणणे लबाडीचे होईल. प्रश्न खरा होता.

येशूने डोंगरावरच्या प्रवचनात आकाशातली पाखरे आणि रानातली फुले दाखवून उद्याची चिंता सोडायला सांगितले, हे पुष्कळांना माहीत असते. ऐकायला हे गोड वाटते. पण घरातल्या कर्त्याने पाखरासारखे वागायचे ठरवले, तर चूल कोणी पेटवायची? याचे उत्तम उदाहरण आपल्या मराठीतच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे आपले फुलामुलांचे कवी. 1895 साली ते ख्रिस्ती झाले. आयुष्याच्या शेवटी, 1917 साली, ते आमच्या साताऱ्यास येऊन राहिले आणि तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. पैसा त्यांच्या हाती ठरत नसे. आला की गरजवंताकडे जाई. ते उद्याची चिंता करीत नसत, कारण ती लक्ष्मीबाई करीत! 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण खदखदून हसतो, पण त्या हसण्याच्या तळाशी एका गृहिणीची रोजची ओढाताण आहे. एकाची निश्चिंती ही पुष्कळदा दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलेले ओझे असते. म्हणून जी प्रार्थना मला हलके करते आणि माझ्या बायकोला जड करते, तिला मी शांती म्हणणार नाही.

मग लक्ष्मीबाईंना तरी शांती कशी मिळाली? नवऱ्याच्या धर्मांतराने त्यांचा संसार मोडला. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुढे आपल्या विचाराने त्याही ख्रिस्ती झाल्या. 1919 साली टिळक गेले. त्यांचे अर्धवट राहिलेले 'ख्रिस्तायन' या बाईंनी पुरे केले, आणि 1934 पासून 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली. त्या पुस्तकात तक्रारीला जागा किती होती! पण बाई सोसलेले लपवीत नाहीत आणि कुरवाळीतही नाहीत. ज्याने ज्याने घासभर दिले त्याची आठवण मात्र नीट ठेवतात. कृतज्ञता म्हणजे दुःख विसरणे नव्हे, माणसे न विसरणे, हे मला त्या पुस्तकात दिसते.

आणि पंडिता रमाबाई? आईबाप दुष्काळात गेले, भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तो पती गेला. 1896-97 च्या दुष्काळात या बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना शेकड्यांनी केडगावला घेऊन आल्या. त्यांच्या मुक्तिसदनात प्रार्थना पहाटेपासून चाले, हे खरे. पण तेथे विहिरीही खणल्या, शेती केली, माग चालवले, छापखाना चालवला. दुष्काळाबद्दल रमाबाईंनी देवाचे आभार मानले नाहीत. आभार मानले ते हाती आलेल्या प्रत्येक मुलीबद्दल आणि दाण्याबद्दल. 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही बायबलाच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. पुढच्याच वर्षी, 1922 च्या एप्रिलात, त्या गेल्या.

यावरून माझ्या प्रश्नाचे उत्तर मला असे सापडते. ज्याने अन्याय केला त्याचे आभार मानायचे नसतात. भाव पाडणाऱ्या बाजाराचे तर मुळीच नाहीत. तेथे भांडायचेच असते. पण भांडायलाही झोप झालेला माणूस लागतो. चिंता आपल्याला जे अजून घडले नाही त्यात नेऊन बसवते, आणि तेथे आपल्या हातांना काही काम नसते. आभार मानायचे तर मात्र आज जे घडले तेच आठवावे लागते, आणि आजमध्ये माणसे असतात, त्यांची तोंडे असतात, त्यांच्या गरजा असतात. पौलाने तुरुंगातून फिलिप्पैकरांना पत्र लिहिले त्यात त्याने मागणे आणि आभार ही दोन्ही एकाच प्रार्थनेत ठेवायला सांगितली. मला पूर्वी ती शिष्टाचाराची गोष्ट वाटे, अर्जाच्या खाली 'आपला नम्र' लिहावे तशी. आता वाटते, नुसते मागत राहिले की मन उद्यात अडकते. आभार त्याला धरून आजमध्ये आणतात.

आणि येशूला तरी चिंता शिवली नाही असे कोठे आहे? पकडले जाण्याच्या रात्री बागेत तो व्याकुळ झाला, समोरचे दुःख टळावे म्हणून त्याने विनवले. ते टळले नाही. पण जमिनीवरून उठला तेव्हा तो आपल्या झोपलेल्या सोबत्यांना उठवायला गेला. प्रार्थनेचे फळ म्हणून मला एवढे पुरेसे वाटते.

तर त्या रात्री मी वहीच्या पाठीमागच्या पानावर तीन ओळी लिहिल्या. एक, आईचा पिठाचा डबा. दोन, शाळेतल्या शिपायाने मी न सांगता माझा तास बदलून घेण्याची आठवण हेडमास्तरांना केली. तीन, हिने सकाळी माझी विचारपूस केली. तिसरी ओळ लिहिताना पेन थांबले. जिच्या गळ्याला गाठ होती ती माझी काळजी घेत होती, आणि मी तिची काळजी करीत होतो! चार रात्री मी तिच्याविषयी जागलो होतो, पण टाके दुखतात का, गिळायला त्रास होतो का, एवढेही तिला विचारले नव्हते. मी दिवा मालवला. पहाटे उठून तिच्या आधी पाणी तापवले. नरकचतुर्दशीचे ते अभ्यंगस्नान आमच्या घरात पहिल्यांदाच नवऱ्याच्या हातच्या पाण्याने झाले. ही म्हणाली, "आज सूर्य कोठून उगवला?"

सगळी भीती गेली असे नाही. आठव्या दिवशी पुण्याची गाडी पकडताना पाय लटपटत होते. निकाल चांगला नव्हता. पण वेळेत कळला होता. ऑपरेशन झाले, औषधोपचार झाले, कर्ज वाढले, त्यातले निम्मे अजून फिटायचे आहे. ही बरी आहे. दर सहा महिन्यांनी तपासणी असते. मावशींच्या प्रार्थनेने ती बरी झाली, की डॉक्टरांच्या हाताने, असे मला कोणी विचारले तर मी वहीतली पाने दाखवीन. तेथे दोघांचीही नावे आहेत.

मी काही धर्म बदलला नाही; मावशींनी तसे सुचवलेही नाही. आमच्या घरात माळ आहे आणि पांडुरंगाचा फोटो आहे. संध्याकाळच्या हरिपाठानंतर मी वहीत तीन ओळी लिहितो, इतकाच बदल. आता मुलगीही लिहिते. तिच्या ओळींत बहुधा खाण्याचे पदार्थ असतात.

यंदाची तपासणी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आहे. स्टेशनावर मावशी येणार म्हणतात. गुडघे दुखतात, तरी येणार. गाडी सुटताना त्या ती दोन वाक्ये म्हणतील. फराळाचा पहिला डबा भरून आम्ही त्यांच्याकडे पाठवायला ठेवला आहे. तो पिठाचाच जुना डबा आहे, आईचा. माळ्यावर सापडला.