घाईचं भाडं

वाळूज ते चाकण, पिकअप गाडी, साधं भाडं साडेसहा हजारांच्या आसपास. फोनवर 'अर्जंट' हा शब्द आला की दहा. हे आकडे आता मला झोपेतही सांगता येतील. मधले साडेतीन हजार कशाचे, हे मात्र सांगता यायला बरेच दिवस लागले. डिझेल तेवढंच जळतं. टोल तेवढाच. रस्ताही तोच: अहिल्यानगर, शिरूर, शिक्रापूर. मग गिऱ्हाईक जास्तीचे पैसे देऊन नेमकं काय विकत घेतं? आणि ते विकायला मुळात माझं आहे का?

आधी मी कोण ते सांगतो. औरंगपुऱ्यात वाढलो. इंजिनियरिंग केलं, मग पुण्यात पाच वर्षं सॉफ्टवेअर. तिथं माझं काम होतं ते ऑर्डरच्या स्क्रीनवर 'उद्या सकाळपर्यंत मिळेल' ही ओळ दाखवणं. त्या ओळीमागे बरीच गणितं होती आणि ती करायला मजाही यायची. पण त्या गणितात ट्रक हा एक आकडा होता. तासाला इतके किलोमीटर, बस्स. आकडा जेवत नाही, त्याला लघवीला थांबावं लागत नाही. वर्षभरापूर्वी नोकरी सोडून गावी आलो आणि दोन पिकअप घेतल्या. वाळूज-शेंद्र्याच्या छोट्या कारखान्यांचा तातडीचा माल पोचवायचा, हा धंदा. आम्ही चार जण: मी आणि तीन ड्रायव्हर. गरज पडली तर मीही चालवतो.

(घरचे पाहुण्यांना सांगताना 'तो लॉजिस्टिक्समध्ये आहे' असं सांगतात. शेजारचे काका 'टेम्पो टाकलाय' म्हणतात. गाडी तीच. मला काकांचं वाक्य जास्त आवडतं.)

तर, साडेतीन हजार.

पहिला अंदाज असा येतो की गिऱ्हाईक वेग विकत घेतं. पण वेग माझ्याकडे नाहीच. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मुभा आहे, मालवाहू गाडीला ८० ची. अर्जंट माल भरला म्हणून ती ८० ची ९० होत नाही. शिरूरच्या ट्रॅफिकला तर कशाचंच सोयरसुतक नसतं. म्हणजे चाकांचा वेग वाढवून वेळ वाचत नाही. मग कुठून वाचतो? शोधायला बसलो तर दोनच जागा सापडल्या.

एक, थांबणं. साध्या भाड्यात गाडी पार्ट लोडसाठी थांबते, चार ठिकाणचा माल गोळा करते, गोदामात उतरवते, दुसऱ्या गाडीत चढवते. अर्जंट भाड्यात गाडी फक्त तुमची. हौद्यात दोन पेट्या असल्या तरी बाकीची जागा रिकामी जाते. शिवाय अशी गाडी हाताशी मिळावी म्हणून ती आधी काही तास काम न करता उभी असावी लागते. रिकामेपणाला पैसे पडतात आणि ते मी घेतो. यात मला काही गैर वाटत नाही. अग्निशमन दलाचा बंब बहुतेक वेळ उभाच असतो, म्हणून कुणी त्याला फुकट पोसलेला म्हणत नाही.

दुसरी जागा म्हणजे ड्रायव्हरची झोप.

फोन बहुतेक वेळा रात्री येतो. डिस्पॅचवाला म्हणतो, "दादा, गाडी आहे का? सकाळी सहाच्या आत चाकणला पोचलं पाहिजे, नाहीतर लाइन थांबते." लाइन थांबली तर मोठी कंपनी त्या छोट्या कारखान्याच्या नावे डेबिट नोट फाडते, त्यामुळे त्याचा घाबरा आवाज खोटा नसतो. साडेनऊला गाडी निघाली तर बाराच्या सुमाराला नगर येतं, अजून अर्धी वाट शिल्लक असते. आणि सकाळी सातला उठलेला माणूस रात्री बाराला सतरा तास जागा झालेला असतो.

हा सतराचा आकडा महत्त्वाचा आहे. १९९७ साली 'नेचर'मध्ये ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड यांचा एक छोटा शोधनिबंध आला. सतरा तास सलग जागं राहिलेल्या माणसांचं हात-डोळ्यांचं काम, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसांइतकं घसरतं, असं त्यात दिसलं. आपल्याकडे गाडी चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे ०.०३ टक्के, ही मर्यादा आहे. म्हणजे नगरच्या पुढचा माझा ड्रायव्हर एक थेंबही न घेता त्या रेषेच्या पलीकडे गेलेला असू शकतो. पोलिसांच्या मशीनमध्ये फुंकर मारली तर शून्य येईल.

यावर नेहमीचं उत्तर असतं, 'त्याला चालतंय ना?' आणि खरंच चालतं. आमच्यातले सगळ्यात जुने ड्रायव्हर, मी त्यांना चाचा म्हणतो, मी आढेवेढे घेतले की म्हणतात, "शेठ, मैं जाके आतूं ना. तुम काय कू टेन्शन लेते?" त्यांना रात्रीचा भत्ता हवा असतो. त्यांचं वय माझ्या दुप्पट, अनुभव तीस वर्षांचा. त्यांना काय झेपतं हे मी ठरवणं हा उद्धटपणा आहे, असं मला अनेकदा वाटलं.

पण त्यांच्या होकारात मला दोन अडचणी दिसतात. समोरून बाइकवर येणाऱ्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं, ही एक. दुसरी जास्त अवघड आहे. दारू पिणाऱ्याला निदान आपण प्यायलोय हे माहीत असतं. पेंग येणाऱ्याला ती नेमकी कधी आली हे कळत नाही. चाचा साडेनऊला जो होकार देतात तो ताज्या डोक्याने दिलेला असतो. अडीच वाजता गाडी चालवणारा माणूस तो होकार देणारा राहिलेला नसतो.

पूर्वी यावर एक उपाय होता, क्लीनर. ट्रकमध्ये शेजारी एक पोरगा असायचा, बडबड करायचा, चहा आणायचा, ड्रायव्हर पेंगला तर ओरडायचा. नॅशनल परमिटच्या गाड्यांना तर दोन ड्रायव्हर आणि दुसऱ्याला आडवं होता येईल अशी जागा, अशी सक्तीच होती. २०१८ मध्ये दोन ड्रायव्हरांची ती सक्ती काढून टाकली. आता गाडीत ड्रायव्हर आणि जीपीएस असतो. गाडी कुठे आहे ते जीपीएस सांगतो, तिच्यातला माणूस जागा आहे का ते सांगत नाही.

तातडीची वाहतूक आपल्या शहराला नवी नाही, हे मला इब्न बतूता वाचताना कळलं. मोहम्मद तुघलक दौलताबादला असे तेव्हा त्याच्यासाठी प्यायचं पाणी गंगेवरून यायचं, चाळीस दिवसांच्या वाटेवरून. खुरासानची ताजी फळंही अशीच यायची. ती आणणारी पायडाक घोडेडाकेपेक्षा वेगवान होती, असं तो लिहितो. कारण दर मैलाला तीन ठाणी. हरकारा हातात घुंगरांची काठी घेऊन जिवाच्या आकांताने पळायचा, आवाज ऐकून पुढचा तयार राहायचा. म्हणजे एकेक माणूस फक्त तिसरा हिस्सा मैल धावायचा. एका माणसाला पिळून नव्हे, माणसं वाढवून तो वेग आला होता. अर्थात एका माणसाच्या तहानेसाठी इतकी माणसं पळवायची का, हा प्रश्न उरतोच, आणि याच सुलतानाने अख्खी दिल्ली दौलताबादला हलवायला निघण्याचा पराक्रमही केला होता. त्याच्याकडून नीतिधडे घ्यायला नकोत. पण रचना शिकण्यासारखी आहे.

पुढे गोदामं रिकामी ठेवून माल रस्त्यावर ठेवायची पद्धत आली. टोयोटाने ती जगाला शिकवली: हवा तेवढाच सुटा भाग, हवा तेव्हाच. १ फेब्रुवारी १९९७ ला त्यांच्या ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह बनवणाऱ्या आयसिनच्या कारखान्याला आग लागली आणि काही दिवस टोयोटाचे जपानमधले कारखाने थांबले. साठा ठेवला नाही की जोखीम नाहीशी होत नाही, ती दुसरीकडे जाऊन बसते. त्या वेळी ती एका कारखान्यात बसली होती, आमच्याकडे ती रात्री शिरूरजवळ गाडी चालवत असते. टोयोटा-किर्लोस्करने २०२४ मध्ये बिडकीनच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला, तेव्हा गावातल्या सगळ्या ट्रान्सपोर्टवाल्यांना आनंद झाला. मलाही झाला.

मी काय केलं? रात्री नऊनंतरच्या लांबच्या भाड्याला दोन ड्रायव्हर, दोघांना पूर्ण भत्ता. भाडं अकरा हजारांच्या वर गेलं. काही गिऱ्हाइकांनी दिलं, काहींनी "दादा, बघतो" म्हणून फोन ठेवला आणि दुसरीकडे दहात गाडी मिळवली. त्या गाडीत एकच ड्रायव्हर गेला असणार. आता मला खरा त्रास याचा होतो. माझे हात स्वच्छ राहिले, पण त्या रात्री नगर रोडवर झोपेला आलेला माणूस होताच, फक्त तो माझा नव्हता. हप्ता भरायच्या आठवड्यात हा युक्तिवाद फार पटायला लागतो: कुणीतरी जाणारच, तर आपणच का नको, आपण निदान माणूस चांगला पाठवतो. त्याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. एवढंच म्हणेन की हे वाक्य प्रत्येकजण म्हणू शकतो, आणि सगळ्यांनी म्हटल्यावर दहाचा दर हाच बाजारभाव होतो.

एक गोष्ट मात्र थोडी हाती लागली. माल पहाटे चारला पोचायचा आणि गेटवर दहापर्यंत तसाच पडून राहायचा, असं कित्येकदा झालं. मी मागे जाऊन विचारत गेलो तर कळलं की खरी गरज आठची असते. मोठ्या कंपनीचा माणूस सातची सांगतो, कारखान्याचा प्लॅनर सहाची, डिस्पॅचवाला पाचची. प्रत्येकजण स्वतःला एक तास जपतो. सॉफ्टवेअरमध्ये आम्हीही अंदाज देताना हेच करायचो, तिथं फार तर एखादी मीटिंग लांबायची. इथं ते जपलेले तास एकाच माणसाच्या रात्रीतून कापले जातात. म्हणून हल्ली मी "कधी पोचवू?" असं विचारत नाही. "लाइन खरंच किती वाजता थांबते?" असं विचारतो. कधी कधी समोरचा गप्प होतो, मग म्हणतो, "नऊ धरा." नऊ असेल तर चाचा चार तास झोपून पहाटे तीनला निघू शकतात, एकटेच, आणि भाडंही साधंच लागतं. माझं त्यात नुकसान आहे, हे खरं.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने रोज आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस अशी मर्यादा घातली होती, लांब पल्ल्याला काही सवलत देऊन. पण तो लागू होता पाच किंवा जास्त कामगारांच्या धंद्याला. पुढे कामगार कायदे संहितांमध्ये गेले. ती पाचाची रेघ वाचली तेव्हा मी आधी मनात आमची डोकी मोजली, हे मला लक्षात राहिलं आहे.

आता तिसरी गाडी घ्यायचा विचार आहे. चौदा फुटी. चाचा शोरूमला बरोबर आले होते. इंजिन, टायर काही न बघता आधी केबिनमध्ये चढले आणि सीटमागच्या फळीवर पाय लांब करून पाहिले. "इसमें आदमी सो सकता," म्हणाले. त्या केबिनच्या मॉडेलला पैसे जास्त पडतात. बँकेत दोन्ही मॉडेलची कोटेशनं दिली आहेत.