कमरेवरचा रिकामा हात

आमचे एक प्राध्यापक मित्र परवा भाषणात कराटेच्या क्लासांवर घसरले. ठरलेल्या हालचालींचा काता म्हणजे हवेतली मारामारी, ती बंद करा आणि मुलींच्या हाती मिरचीपूड द्या, असा एकूण सूर. टाळ्या पडल्या. पाचोऱ्यात टाळ्यांसाठी दोन विषय पुरतात, क्लासवाल्यांची फी आणि लेकीबाळींची काळजी. त्यांनी दोन्ही एका वाक्यात उरकले.

त्यांनी पाहिलं ते खोटं नाही. शाळेच्या मैदानावर पोरं रांगेत उभी असतात, 'इच, नी, सान'च्या तालावर ठोसे पडतात, समोर कोणीच नसतं. एक हात पुढे जातो, दुसरा मूठ वळून कमरेशी येतो. चेहरा उघडा टाकून हात कमरेला कशाला, असं एखाद्या बॉक्सरने विचारलं तर बहुतेक मास्तर 'ताकद येते' म्हणून वेळ मारून नेतात. पण त्या मुठीत हल्लेखोराचं मनगट किंवा कॉलर आहे असं समजा. मग एक हात ओढतो, दुसरा मारतो, आणि सगळ्या हालचालीला अर्थ येतो. काता दोन पावलांवरून येणाऱ्या ठोशासाठी नाहीच. पाचोरा-जामनेर रेल्वे, आमची पीजे, चालू होती तेव्हा तिच्या नॅरोगेज डब्यात, आज जामनेरच्या एसटीत, दोन पावलं अंतर कोणाला मिळालंय? तिथे हात धरला जातो, ओढणी धरली जाते, वाट अडवली जाते.

हे मी शोधून काढलेलं नाही. चोकी मोतोबू हा कराटेवाला माझा जुना लाडका माणूस. ओकिनावाच्या सरदार घराण्यातला, जन्म 1870 चा. पण धाकटा मुलगा, म्हणून घरची विद्या थोरल्या भावाकडे गेली. हा तिथल्या नाहा शहराच्या त्सुजी वस्तीत मारामाऱ्या करून आपली विद्या तपासत हिंडला. सभ्य मंडळींनी नाकं मुरडली. पन्नाशी ओलांडल्यावर क्योतोत त्याने एका परदेशी बॉक्सरला लोळवलं. 1925 साली 'किंगु' या खपाच्या मासिकाने ती हकीकत छापली, पण चित्रात चेहरा काढला तो गिचिन फुनाकोशींचा! लढला एक, छापून आला दुसरा. फुनाकोशी शिक्षक, शांत, टोकियोच्या विद्यापीठांत मान असलेले. कराटेची पुढची प्रतिमाही त्यांच्याच चेहऱ्याने घडली, हे त्या चित्राला शोभेसंच झालं. मोतोबूने 1926 मध्ये स्वतःचं पुस्तक काढलं. त्यातल्या छायाचित्रांत माणसं एकमेकांच्या अंगाला भिडलेली आहेत, हाताला हात अडकलेला आहे. त्याचा आवडता काता नाइहांची, नुसता आडवा सरकणारा. बघणाऱ्याला कंटाळा येईल. पण आमच्या यात्रेतल्या दंगलीचा कोणीही पैलवान दोन मिनिटांत सांगेल की हा गडी कोणाला तरी धरून आहे. ढाक असो की पट, पैलवान डाव शिकतो तो समोरच्याच्या अंगावर. आमची कराटेची पोरं वर्षानुवर्षं वाऱ्याला धरतात. प्राध्यापकांनी शिव्या द्यायच्या तर याला द्यायच्या होत्या.

मग वाऱ्याला धरायला लावलं कोणी? मोतोबूचेही गुरू असलेल्या आंको इतोसूंनी. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी कराटे ओकिनावाच्या शाळांत नेलं, मुलांसाठी सोपे पिनान काते बांधले. 1908 च्या पत्रात ते शाळेतल्या कराटेतून चांगले सैनिक घडतील असं सांगतात, वॉटर्लूच्या वेलिंग्टनचा दाखलाही देतात. म्हणजे ही रांगेतली कवायत मुळातच सरकारला पटवण्यासाठी होती. आणि त्याच पत्रात ते बजावतात की प्रत्येक हालचाल कशासाठी हे तपासून वापरा, पकड सोडवायच्या युक्त्या पुष्कळ आहेत आणि त्या तोंडी सांगायच्या असतात. शाळांनी कवायत घेतली, तोंडी भाग सोडून दिला.

इथवर प्राध्यापक चीत झाले, असं समजून लेख संपवता आला असता. पण त्यांच्या मिरचीपुडीला जो प्रश्न लागू आहे तोच माझ्या मोतोबूलाही आहे. सरकारी नोंदी सांगतात की बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरला उघड झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातल्या मुली बालवर्गातल्या होत्या, आरोपी शाळेतलाच कर्मचारी. तिथे कुठला काता आणि कुठली पूड? त्सुजीतला मोतोबू स्वतः भांडण शोधत जायचा, गडी अनोळखी, दोघे तयारीचे. शेजारच्या काकांचा हात खांद्यावर जरा जास्त वेळ राहिला तर मुलीला आधी लढायची असते ती स्वतःच्या संकोचाशी. नाक फोडणारा डाव तिला तिथे वापरवतच नाही.

कायदाही तोच पेच टाकतो. भारतीय न्याय संहितेची 34 ते 44 ही कलमं स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण 37 वं कलम बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करू देत नाही. तेव्हा कात्यातले मान मोडणारे डाव व्हिडिओवर कितीही शोभले तरी काकांपुढे उपयोगाचे नाहीत. उपयोगाचं आहे ते अगदी साधं. हेआन शोदान या कात्यात सुरुवातीलाच धरलेलं मनगट ओढून सोडवायची हालचाल येते. ती हळू करता येते, इजा न करता करता येते, आणि सोबत 'हात सोडा' असं चारचौघांत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणता येतं. ठोशासोबतची 'कियाय' ही आरोळी ठोकायला आपण मुलींना शिकवतोच. त्या जागी हे दोन मराठी शब्द घातले तर काय बिघडलं? आणि बालवर्गातल्या पोरीवर हेही ओझं टाकायचं नाही. तिथे कर्मचारी कोण ठेवला आणि त्याच्यावर नजर कोणाची, हे शाळेनेच पाहायचं.

सरकारच्या समग्र शिक्षा योजनेत राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे, 6 वी ते 12 वीच्या मुलींसाठी, तीन महिन्यांचं. तेवढ्यात पाच काते उरकून प्रमाणपत्र वाटता येतं. मी म्हणतो, एकच काता घ्या, तोही अर्धा; आणि प्रत्येक हालचालीला एका मुलीने दुसरीला खरंच धरावं, गणवेशात, दप्तर पाठीवर असताना. शेवटच्या दिवशी प्रात्यक्षिकाला पाहुणे म्हणून प्राध्यापकांना बोलवा. भाषण मात्र ठेवू नका.