जामीन राहताना

माझ्या मावसभावाचा मुलगा जन्माने अमेरिकी नागरिक आहे. तो झाला तेव्हा दादा-वहिनी इथे न्यू जर्सीत नोकरीला होते. पुढे ते सांगलीला परत गेले आणि मुलगा कॉलेजसाठी पुन्हा इकडे आला. वर्गातल्याच एका मराठी मुलीशी त्याने लग्न केलं. ती विद्यार्थी व्हिसावर होती. आता तिच्या ग्रीन कार्डाचा अर्ज करायचा, तर नवऱ्याला ‘आय-८६४’ हे प्रतिज्ञापत्र भरावं लागतं: हिचा भार सरकारवर पडू देणार नाही, मी सांभाळीन. त्यासाठी सरकारने ठरवलेल्या गरिबीच्या रेषेच्या सव्वापट उत्पन्न दाखवायचं. २०२५ च्या आकड्यांनुसार दोघांच्या कुटुंबाला ही रक्कम वर्षाला २६,४३७ डॉलर होती. हा मुलगा शिकता शिकता तासांवर काम करतो. त्याचं उत्पन्न तिथवर पोचत नाही.

अशा वेळी दुसऱ्या कोणीतरी जोडीने जामीन राहायचं, अशी सोय आहे. सांगलीत दादाचं घर आहे, द्राक्षबाग आहे, सुनेसाठी काहीही करायची तयारी आहे. पण हा जामीन अमेरिकेत राहणारा आणि इथला नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच लागतो. सख्ख्या बापाची सही चालत नाही, आत्याची चालते. म्हणून ते दोघे माझ्याकडे आले.

मी ताबडतोब म्हटलं, फीचं मी बघते. लग्नाच्या नात्याचा अर्ज ६७५ डॉलर, ग्रीन कार्डाचा १,४४०, मधल्या काळात काम करण्याच्या परवान्याचे २६०. शिवाय डॉक्टरी तपासणी वेगळी. रक्कम लहान नाही, तरी ती देताना मला जराही जड गेलं नाही. सहीबद्दल मात्र मी म्हटलं, ‘विचार करून सांगते.’

पैसे इतक्या चटकन का सुटले, याचाच मी पुढे विचार करत राहिले. दिलेले पैसे तिथेच संपतात. वर चार माणसांत नाव होतं, सांगलीहून वहिनीचा फोन येतो, आपल्यालाही बरं वाटतं. सहीचं तसं नाही. ती बाई नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या खात्यावर साधारण दहा वर्षांच्या नोकरीची नोंद होईपर्यंत, किंवा ती देश कायमचा सोडेपर्यंत सही करणारा बांधलेला राहतो. तिने गरिबांसाठीची काही सरकारी मदत घेतली, तर ते खातं त्याची भरपाई माझ्याकडे मागू शकतं. ती स्वतः माझ्यावर दावा लावू शकते. मी घर बदललं, तर नवा पत्ता तीस दिवसांत सरकारला कळवायचा. आणि उद्या त्यांचा घटस्फोट झाला, तरी जबाबदारी सुटत नाही. थोडक्यात, मला उदार दिसायचं होतं, पण बांधून घ्यायचं नव्हतं. स्वतःला हे असं सरळ सांगायला मला बराच वेळ लागला.

‘जामीन राहू नये’ हे आमच्या घरी लहानपणापासून ऐकलेलं. सोसायटीच्या कर्जाला जामीन राहून घराला जप्तीची नोटीस आलेली माणसं आमच्या गावात होती, तेव्हा ती भीती पोकळ नाही. मला दोन मुलं आहेत, घराचे हप्ते आहेत. त्यामुळे माझा संकोच निव्वळ व्यवहारातून आलेला आहे, असं मी नवऱ्याला सांगत होते आणि तो मान डोलावत होता. तरी मन खात राहिलं. कारण माझ्या डोक्यात घोळत होता तो घटस्फोटाचा मुद्दा. यांचं टिकेल का? आणि ही शंका आली कुठून? दोघं शांत आहेत, कष्टाळू आहेत, एकमेकांना धरून आहेत. मुलगी आमच्या जातीची नाही. ती आमच्यातली असती, लग्न सांगलीच्या कार्यालयात पत्रिका छापून झालं असतं, तर मी हाच प्रश्न विचारला असता का? मी बराच वेळ उत्तर टाळलं. खरं उत्तर आहे: नसता विचारला. माझ्या सावधपणात किती हिशोब होता आणि किती जुना विटाळ, हे मला आजही नीट वेगळं करता येत नाही. पण दुसरा भाग होता, हे नक्की.

पुन्हा भेटलो तेव्हा मुलीने प्रतिज्ञापत्राची प्रत काढून आणली होती. जबाबदारी कधी संपते आणि कधी संपत नाही, त्या ओळींवर तिने पिवळा मार्कर फिरवला होता. घटस्फोटाची ओळ तर दोनदा. तो कागद तिने माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, ‘आत्या, हे आधी वाचा. नाही म्हणालात तरी आम्हाला वाईट वाटणार नाही.’ ज्या मुलीच्या टिकण्याबद्दल मी शंका घेत होते, तिने माझ्या धोक्याची ओळ मला स्वतःहून दाखवली.

तरीही एक गोष्ट उरली होती आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कार्ड मंजूर होईपर्यंत जामिनाला सही मागे घेता येते. एवढ्याशा अधिकारानेही माणूस बिघडू शकतो. यांच्या घरात वाद झाला तर मला कळायला हवं, तिने नोकरी का सोडली ते मला सांगायला हवं, दिवाळीला त्यांनी आधी आमच्याकडे यायला हवं, हे सगळं न बोलता मागितलं जातं. ज्याच्यावर उपकार केले तो मिंधा राहावा, ही इच्छा आपल्या नात्यांमध्ये फार खोल मुरलेली आहे. माझ्यात ती आहे. म्हणून सही करण्याआधी मी दोन गोष्टी ठरवल्या आणि त्या दोघांना सांगितल्याही. पहिली, त्यांच्या संसारात या कागदाचा उल्लेख माझ्याकडून कधीही होणार नाही. दुसरी, पुढे त्यांचं पटलं नाही, तर माझ्या सहीखातर तिने त्या घरात राहायचं नाही. हे ऐकून मुलगा गोंधळला. मुलीला ते लगेच कळलं.

मग मी माझी करविवरणं आणि पगाराचे कागद काढले. माझ्या घरात आम्ही चौघं आणि ती पाचवी, असं धरून २०२५ च्या आकड्यांनुसार ४७,०६२ डॉलर उत्पन्न दाखवावं लागत होतं. माझं त्यात बसत होतं. माझा पगार किती ते आता त्या दोघांना ठाऊक आहे. तेही मला आधी खटकलं होतं.

सही केली. तुमच्याकडे कोणी अशी सही मागायला आलं, तर कागद शेवटपर्यंत वाचा आणि नाही म्हणायचं असेल तर पहिल्याच आठवड्यात म्हणा. त्यांना दुसरं माणूस शोधायचं असतं, आणि तेवढ्या काळात त्या मुलीचा व्हिसा संपत येत असतो.