श्रेय कोणाचे?

महाडच्या औद्योगिक वसाहतीत, बिरवाडीच्या बाजूस, पावसाळा सरला की एका मोकळ्या जागेत मुले फुटबॉल खेळू लागतात. हा मुलूख वास्तविक कबड्डीचा. फुटबॉल येथे आला तो दूरचित्रवाणीच्या वाटेने. दहा-बारा मुले जमतात आणि त्या सर्वांस पुढे उभे राहावयाचे असते. गोलात कोणीतरी नाइलाजाने उभा राहतो. मध्यभागी मात्र कोणीच ठरत नाही. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून सायंकाळी फिरावयास जाताना मी हा खेळ पाहतो, आणि दर वेळी तोच प्रश्न मनात येतो. ज्या जागेवरील काम कोणी मोजीत नाही, ती जागा मनुष्याने आपणहून का पत्करावी? आणि त्याने पत्करली, तर इतरांवर काही ऋण चढते की नाही?

मधल्या फळीत, त्यातही आपल्या बचावफळीच्या पुढ्यात उभ्या राहणाऱ्या खेळाडूचे काम मोठे विलक्षण असते. प्रतिपक्षाच्या पायातून चेंडू काढून घ्यावा, तो सोबत्याच्या स्वाधीन करावा, आणि कोणी पाहण्यापूर्वी दुसरी फट बुजविण्यास धावावे. हे त्याने उत्तम केले म्हणजे मैदानावर काही घडतच नाही. जे घडले नाही त्याची नोंद कोण ठेवणार?

गोव्याचा क्लायमॅक्स लॉरेन्स हा याच जागेवरचा खेळाडू. नाव कळसाचे आणि काम पायाचे. बारशाच्या वेळी दैवालाही कधी थट्टा सुचत असावी. आर्मांद कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली धेंपो संघाने 2004-05 ते 2011-12 या काळात पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली. त्यातील बहुतेक काळ लॉरेन्स त्या संघाच्या मध्यभागी पाय रोवून होता. 2011-12 च्या हंगामात त्याच संघाच्या रँटी मार्टिन्सने लीगमध्ये 32 गोल केले. ही संख्या कोणीही सांगेल. पण त्या गोलांपूर्वी चेंडू प्रथम कोणी अडविला, कोणी वळविला, याचा हिशेब मागू गेल्यास खेळाचे जाणकारही हात वर करतील.

गंमत अशी, की लॉरेन्सचे नाव मजसारख्या सामान्य वाचकाच्या लक्षात राहिले ते त्याच्या नेहमीच्या कामामुळे मुळीच नव्हे. 2008 साली आशियाई चॅलेंज चषकाच्या स्पर्धेत हैदराबादेस भारताचा पहिला सामना अफगाणिस्तानशी झाला. सामना संपता संपता एकमेव गोल झाला आणि तो लॉरेन्सने केला. पुढे भारताने दिल्लीस अंतिम सामन्यात ताजिकिस्तानला 4-1 असे हरवून चषक जिंकला, व त्या बळावर 1984 नंतर प्रथमच आशियाई चषकाच्या मुख्य स्पर्धेत, 2011 साली दोहा येथे, प्रवेश मिळविला. मी तो सामना पाहिला नव्हता. वर्तमानपत्रात निकाल तेवढा वाचला. निकालाखाली नाव छापलेले होते, कारण त्या दिवशी त्याने आपले नित्याचे काम सोडून दुसऱ्याचे केले होते!

इटलीसारख्या फुटबॉलवेड्या देशातही निराळे नाही. 1982 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इटलीने पश्चिम जर्मनीस 3-1 असे नमविले. दुसरा गोल करून ओरडत धावत सुटलेला मार्को तार्देल्ली मधल्याच फळीतला, आणि त्याचे ते धावणे जगाने डोळ्यांत साठविले. त्याच्याच बरोबर मध्यभागी घाम गाळणारा गाब्रिएले ओरियाली मात्र गोल करणाऱ्यांच्या यादीत नव्हता. पुढे 1999 साली लुचानो लिगाब्वे या गायकाने मधल्या फळीतील कष्टकऱ्याच्या आयुष्यावर एक गीत रचले आणि त्यात ओरियालीचे नाव घातले. सतरा वर्षांनी का होईना, कोणाला तरी ते सांगावेसे वाटले.

येथे आपल्या भाषेतील एका शब्दाचा प्रवास ध्यानात घेण्याजोगा आहे. कठोपनिषदात ‘श्रेय’ म्हणजे जे खरोखर हिताचे ते, आणि त्याच्या समोर ‘प्रेय’ म्हणजे जे केवळ गोड वाटते ते. आज आपण ‘श्रेय घेणे’, ‘श्रेय लाटणे’ असे म्हणतो, तेव्हा त्या शब्दात बहुतांशी प्रेयच शिल्लक राहिलेले असते. कित्येक सज्जन यावर गीतेचा दाखला देतात: कर्म करावे, फळाची आशा धरू नये. उपदेश थोर आहे, यात शंका नाही. परंतु तो बहुधा कोण कोणास करतो, हेही पाहावयास हवे. आपल्या फळाचा त्याग करणारा योगी. दुसऱ्याच्या फळाचा ‘त्याग’ करणाऱ्यास काय म्हणावे? मला हा प्रश्न पोथीत सापडलेला नाही.

मी पाळीप्रमुख होतो. पावसाळ्यातील एका रात्री थंड पाण्याचा पंप बंद पडला आणि रिअ‍ॅक्टरमधील तापमान चढू लागले. मी त्या वेळी कचेरीत टेबलावर डोके टेकून पडलो होतो. पोलादपूरकडचा एक ऑपरेटर, कंत्राटी, पायऱ्या चढून वर गेला, आत सोडला जाणारा माल त्याने थांबविला, राखीव पंप सुरू केला आणि मगच मला उठविले. मी पोहोचलो तेव्हा काटा उतरू लागला होता. सकाळी मी अहवालात लिहिले, ‘वेळीच उपाययोजना करण्यात आली.’ वाक्यात असत्य एका अक्षराचेही नव्हते. आपले व्याकरणच असे उदार, की कर्त्यावाचून क्रिया पार पडते, आणि रिकाम्या जागेवर वाचणारा आपल्या समजुतीप्रमाणे नाव घालतो. वरिष्ठांनी माझे घातले. मला प्रशंसापत्र मिळाले. मी नाकारले नाही.

पुष्कळ वर्षे मी स्वतःची समजूत घातली, की जगच मधल्या फळीस विसरते. त्यात माझा काय दोष? ही पळवाट आहे, हे मला मैदानाकडे पाहता पाहता उमगले. प्रेक्षकाने विसरावे, कारण त्याची दृष्टी चेंडूबरोबर धावते. वार्ताहरालाही जागा थोडी. पण चेंडू कोणी अडविला हे सोबत्यांना ठाऊक असते, आणि त्यांनी मैदान सोडताना त्याच्या पाठीवर थाप मारली तर त्याला बहुधा तेवढे पुरते. न सांगण्याचा दोष अज्ञानी माणसाकडे जात नाही. तो जाणणाऱ्याकडे येतो. त्या रात्री जाणणारे आम्ही दोघेच होतो, आणि त्याचे म्हणणे कोणी विचारणार नव्हते.

एका गणेशोत्सवात तो माझ्या घरी दर्शनास आला. मूर्तीस नमस्कार करून वळताना भिंतीवरच्या प्रशंसापत्रासमोर थांबला. त्याने ते सावकाश, ओठ हलवीत, तारखेसकट वाचले. मी आत प्रसाद आणावयास गेलो, वास्तविक प्रसाद तेथेच होता. परत आलो तेव्हा तो म्हणाला, “चौकट चांगल्या लाकडाची आहे, साहेब.”

ती चौकट मी त्याच रात्री उतरविली. भिंतीवरचा खिळा अजून आहे. वरिष्ठांना पत्र लिहिण्याचे मात्र निवृत्तीपर्यंत राहून गेले, आणि आता त्या कचेरीत तेव्हाचे कोणी उरलेले नाही.